भिंतीतले मोर

मी आता जे सांगणार आहे त्यावर अख्ख्या सोलापुरात एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. आणि नाही ठेवला तेच बरं. ठेवला तर मला आमच्या बाळीवेशीत तोंड काढायची सोय उरणार नाही. माझ्या हॉलच्या भिंतीतून मोर बाहेर आले. कुणी चितारलेले नव्हेत, कोरलेले नव्हेत. आपण होऊन आले, ओळीनं आले, आणि नेमके पाहुणे समोर बसलेले असताना आले.

हसा. ईश्वरप्पाही हसलाच होता.

ईश्वरप्पा हा आमच्या गल्लीतला शेंगदाणा तेलाचा व्यापारी. यंदा त्यानं होटगी रस्त्याला घर बांधायला काढलंय. नागपंचमीच्या दुपारी तो लाडू खायला म्हणून आला आणि लाडू हातात यायच्या आधीच पिशवीतून एक पांढरा तुकडा काढून त्यानं माझ्यापुढं धरला. दोन जाड कागदांच्या मध्ये प्लास्टर दाबून केलेली पाटी असते ना, तिचा तुकडा.

"अण्णा," तो म्हणाला, "आतल्या खोल्यांना ह्याच्या भिंती घालायच्या म्हणतोय. तो इंजिनियर विचारतोय, फिनिश कुठलं पायजे. साधं, मधलं, का एकदम वरचं? मला काय कळतंय त्यातलं. तुमी हे सगळं करून बसलाय म्हणून आलो."

मी त्या तुकड्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. माझी लेक दाक्षायणी पंचमीला माहेरी आली होती. हॉलच्या तुळईला बांधलेल्या झोपाळ्यावर ती बसली होती, मांडीवर तिचं तान्हं झोपलं होतं, आणि झोपाळा कर्र कर्र करत होता. आतून माझी बायको चंद्रव्वा ओरडली, "सांगा की त्यास्नी. एवढं लोकांना सांगत असता."

मग काय, सांगायला बसलो. मला सांगायला बसवणं सोपं आहे. उठवणं अवघड.

आमचं घर ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक आहे की पुढची खोली एसटीच्या गाडीसारखी लांबलचक. माझा चादरींचा धंदा, दुकान चाटी गल्लीत, पण तिथं जागा पुरत नाही म्हणून निम्मे गठ्ठे घरात. पुढच्या निम्म्या खोलीत माणसं, मागच्या निम्म्यात चादरी. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं, दाक्षायणीचं स्थळ बघायला मी सुरुवात केली होती, आणि करमाळ्याहून होकाराच्या वाटेवरचा निरोप आला होता. मुलगा बाजार समितीत नोकरीला, घर खातंपितं, आणि आमच्यातलंच. चंद्रव्वा म्हणाली, "पाहुणे काय गठ्ठ्यांकडं तोंड करून बसणार काय? मधी कायतरी भिंत घाला."

विटेची भिंत घालायला वेळ नव्हता. तेवढ्यात कळलं की एक टॉकीजवाला आपलं आतलं छत उतरवतोय आणि त्या प्लास्टरच्या पाट्या काढून टाकतोय. मी हातगाडी घेऊन गेलो. ईश्वरप्पा, त्या पाट्या साध्या नव्हत्या. त्यांनी वर्षानुवर्षं सिनेमे ऐकलेले. भिंत उभी राहिल्यावर पहिल्या रात्री मी कान लावला तर आतून घोडे पळाल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी एक बाई रडत होती. तिसऱ्या दिवशी...

"मागच्या वेळी घोडे नव्हते, अप्पा," झोपाळ्यावरून दाक्षायणी म्हणाली. "मागच्या वेळी आगगाडी होती."

"आगगाडी नंतर आली," मी म्हटलं. ती हसली आणि बाळाच्या अंगावरची माशी हाकलू लागली. ती नेहमी असंच करते. माझ्या बारीक बारीक थापा बोटानं दाखवते आणि सोडून देते.

पाट्या उभ्या करायला मी धुळा रंगाऱ्याला बोलावलं. धुळा सांगोल्याकडचा धनगर. घरची मेंढरं भावाच्या हवाली करून हा शहरात रंग मारायला आलेला. एक सांगतो, सोलापुरात बढाईत माझी बरोबरी करणारा तो एकच माणूस. आल्या आल्या म्हणाला, "मालक, कलेक्टरच्या बंगल्यात मी रंगवल्याली भिंत हाय. तिच्यावर माशी बसली की घसरून पडती. खाली माश्यांचा ढीग झाडायला एक गडी ठिवलाय."

मी म्हटलं, "अरे, माझ्या आजोबाच्या घरच्या भिंतीवरनं पाल घसरायची."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. जोडीदार भेटला हे दोघांनाही कळलं.

मग तो पाट्यांवरनं हात फिरवत मला सांगू लागला, "भिंत उभी ऱ्हाईल. पर फिनिश तीन परकारचं असतंय. एक, नुसतं सांधं बुजवायचं. कपाटाच्या मागं, फरशीच्या खाली, जितं कुणाचा डोळा जात न्हाय तितं चालतंय. दुसरं, सांध्यावर कापडाची पट्टी बसवायची, वर लांबी भरायची, घासून सपाट करायची. चुना मारा, डिस्टेंपर मारा, झकास दिसंल." लांबी म्हणजे खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा, ईश्वरप्पा, तुलाही लागणार आहे. "आन तिसरं," धुळा म्हणाला, "अख्ख्या भिंतीला हिकडनं तिकडं लांबीचा हात. वाळवायचं, घासायचं, परत हात. त्याला मी आरसा म्हंतो. तुमी रंग कुठला मारनार?"

"ऑईलपेंट," मी म्हटलं. "पिस्ता कलरचा. चकचकीत."

"मग आरसाच पायजे. चकाकनारा रंग चुगलखोर असतोय, मालक. भिंतीच्या पोटातलं समदं भाईर सांगतो."

"आरशाला दिवस किती लागतील?"

त्यानं दारातनं आभाळाकडं बघितलं. आभाळ आठवडाभर दाटलेलं, अंगणातली धोतरं सुद्धा वाळत नव्हती. "ह्या हवंत? सांगता येत न्हाय. मंग डिस्टेंपरच मारा की. लई ग्वाड दिसतो."

आता माझी पंचाईत ऐक. डिस्टेंपर मला चालणार नव्हता. का, तर करमाळ्याला माझा निरोप आधीच गेला होता. मध्यस्थाला मी दुकानात बसवून चहा पाजला होता आणि बोलण्याच्या भरात सांगून टाकलं होतं की ह्या वीरभद्रप्पाच्या, म्हणजे माझ्या, हॉलला अशी भिंत आहे, की तिच्यात बघून माणसाला भांग पाडता येतो. तेव्हा भिंत नव्हती. पाट्याही नव्हत्या. पण निरोप गेला होता. करमाळ्यात म्हणे बाजारच्या दिवशी लोक त्या भिंतीबद्दल बोलत होते.

म्हणून मी धुळाला सांगितलं, "मधलं फिनिश कर आणि वरनं ऑईलपेंट मार."

"दिसंल, मालक."

"मी बघतो काय दिसतं ते."

मग आली पट्टीची गोष्ट. तो म्हणाला सांध्यावर बसवायला मलमल आणा, विरविरीत, फुंकर मारली तर उडंल अशी. मी हसलो. सोलापुरात राहायचं, चाटी गल्लीत धंदा करायचा, घरात चादरींचे गठ्ठे छताला टेकलेले, आणि दुसऱ्याच्या दुकानात जाऊन पट्टीसाठी मलमल मागायची? गल्ली काय म्हणेल? मी मागं गेलो, फाटक्या कडेच्या चादरी निवडल्या आणि टराटरा त्यांचे काठ फाडून आणले. आमच्या सोलापुरी चादरीचा काठ कसा असतो ते तुला सांगायला नको. दोरीसारखं सूत, आणि त्यात मोरांची ओळ.

धुळानं काठ बोटात धरून चुरगाळला. "जाड हाय. फुगंल."

"तू मेंढरं राखणारा. मला कापड शिकवू नकोस."

हे मी म्हटलं. म्हटलं ते म्हटलं. त्यानं काठ सांध्यावर धरून बघितला, दुमडला. मग म्हणाला, "लावतो. पर मालक, कुनी इचारलं तर माझं नाव सांगू नगा."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

काम झालं. रंग वाळला. संध्याकाळी मी समोरच्या बाजूची ट्यूबलाईट लावली आणि ईश्वरप्पा, मी खोटं सांगत नाही, एक चिमणी आत आली, तिनं भिंतीत दुसरी चिमणी बघितली आणि तिच्याशी भांडायला लागली. मी मध्ये पडून सोडवलं. गल्लीतली माणसं बघायला येऊन गेली. समोरच्या घरातला ईरप्पा तर मुद्दाम कंगवा घेऊन आला. ईरप्पाचं एक आहे, त्याला सगळं मोठं लागतं. त्याचा रेडिओ बघितलायस ना, दुभत्या म्हशीएवढा? तो लावला की त्याच्या घरचे दिवे मंद होतात, आधी तो रेडिओ गरम होतो, मग घुमतो, मग बोलतो. पण माझ्या भिंतीत बघून ईरप्पानंही दोनदा भांग पाडला. ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. चंद्रव्वानं सुद्धा मला दोनदा चहा दिला.

सकाळी आभाळ फाटलं आणि दारातनं ऊन आत आलं. आमचं दार पूर्वेला, भिंतीच्या अगदी टोकाशी. ऊन तिरपं, भिंतीला घासून सरकत आलं. मी दात घासत उभा होतो. दात घासायचे राहिले.

दर दोन पाट्यांच्या मध्ये एक उभा फुगवटा. जिथं जिथं चादरीचा काठ आत होता तिथं तिथं. फुगलेल्या भाकरीच्या पदरासारखा. आणि त्या फुगवट्यावर, पिस्ता रंगाच्या खालून, मोर. एकावर एक, खालपासून वरपर्यंत, चोची एकाच दिशेला.

चंद्रव्वा परातीत पीठ घेऊन आली आणि उभी राहिली. "ह्या भिंतीला गोवर आलाय काय वो?"

मी पळत जाऊन दार लावलं. दार लावल्यावर मोर गेले. परत उघडलं, परत आले. तेव्हा मला सगळा प्रकार उमगला. उजेड समोरनं पडला तर भिंत आरसा. उजेड कडेनं घासून आला तर भिंत चुगलखोर. धुळा हेच सांगत होता, पण तो नुसता सांगत होता, मी आता बघत होतो.

त्या दिवशी मी त्याला बोलावून भिंत परत करून घ्यायला हवी होती. पाहुण्यांचा दिवस पुढं ढकलायला हवा होता. मी काय केलं? मध्यस्थाकडं जाऊन मी मुहूर्त बदलला. सकाळचा होता तो संध्याकाळचा केला. म्हटलं दिवेलागणीला लक्ष्मी येते, तेव्हाच मुलगी बघावी. तो म्हणाला, वा, किती विचार केलाय. मी मान डोलावली. दाराला जाड पडदा लावला. दिवसा कुणाला आत घेईना. दुधवाल्याला सुद्धा ओट्यावरनं दूध दे म्हणून सांगितलं. ईश्वरप्पा, आपल्याच घरातली भिंत लपवत फिरणं काय असतं ते तुला कळायचं नाही. चोरीचा माल घरात ठेवल्यासारखं. आणि दाक्षायणी बिचारी त्याच भिंतीला टेकून बसायची आणि वेणी घालायची.

"टेकून बसले नव्हते," दाक्षायणी म्हणाली. "तुम्ही टेकूच देत नव्हता. तेल लागेल म्हणून."

"तेच ते," मी म्हटलं.

पाहुणे आले. मुलगा गरीब, मान खाली घालून बसला. त्याचा मामा गुरुलिंग आणि आत्या राजाबाई. गुरुलिंग करमाळ्याच्या बाजारातला गुळाचा अडत्या. गोरा, भारी माणूस, आणि सगळ्याला हात लावून बघायची खोड. गुळाची ढेप कशी बघतात, ठाऊक आहे? आधी टिचकी मारायची, मग डोळ्याला आडवी लावून कडेनं बघायची, चिरा आहेत काय. आयुष्यभर तेच केलेला माणूस. राजाबाई बारीक, वाळकी, आणि डोळे सुईसारखे.

ट्यूबलाईट लावलेली. भिंत झळाळत होती. गुरुलिंग आत आला तोच भिंतीसमोर थांबला आणि खिशातनं कंगवा काढून म्हणाला, "वीरभद्रप्पा, करमाळ्यापर्यंत कीर्ती आलीय बघा ह्या भिंतीची." आणि भांग पाडला. सगळे हसले. मुलगा सुद्धा हसला. मी सुद्धा हसलो आणि मला वाटलं, झालं, निभावलं. आत दाक्षायणी पोह्यांची ताटली घेऊन तयार होती. एवढी ताटली बाहेर आली, दोन प्रश्न झाले, की जमलंच होतं सगळं.

पण गुरुलिंग बसेना. त्यानं भिंतीला टिचकी मारली. कान दिला. मग बाजूला सरकला, भिंतीच्या टोकाशी गेला, आणि गाल भिंतीला टेकवून एक डोळा मिटायला लागला.

ढेप. त्यानं माझी भिंत ढेपेसारखी धरली.

मी म्हटलं, "बसा की, बसा. पाणी आणतो." आणि आत गेलो. आणि मी आत गेलो असेन नसेन तेवढ्यात, काय सांगू तुला, फट्कन लाईट गेले. सगळी बाळीवेस अंधारात. वीज मंडळाचा कारभार तुला सांगायला नको.

"मंडळाचं नावच काढू नका," ईश्वरप्पा म्हणाला. "आमचा घाणा परवा दोन तास बंद."

तर बघ. मी तांब्या घेऊन अंधारात उभा, आणि मनात म्हणतोय, सिद्धेश्वरा, तूच वाचवलंस. आता दिसत नाही म्हणजे बघता येत नाही. पोहे अंधारात खातील, मुलगी कंदिलात बघतील, जातील. पण चंद्रव्वा हुशार. गड्ड्याच्या जत्रेत आपण चादरींचा स्टॉल लावतो ना, त्याची गॅसबत्ती फडताळात होती. हिनं ती पंप मारून पेटवली. आणि पाहुण्यांच्या डोळ्यावर झगझगाट नको म्हणून वर टांगली नाही. खाली ठेवली. जमिनीवर. त्या भिंतीच्या पायाशी, टोकाला.

"मला काय ठाऊक!" आतून चंद्रव्वा म्हणाली. "सुम्ने, गप बसला असता तर काय झालं असतं?"

मोर उठले. सकाळच्या उन्हात ते नुसते दिसले होते. गॅसबत्तीत ते जिवंत झाले. बत्तीचा सूं सूं आवाज, उजेड हलतोय, आणि त्याच्याबरोबर माना हलतायत. एकानं पिसारा फुलवला, मी बघितलं. फुगवट्यांच्या सावल्या हाताएवढ्या रुंद झाल्या. अख्खी भिंत म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. एवढी शांतता पसरली की समोर ईरप्पाच्या रेडिओवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालला होता तो शब्दन् शब्द ऐकू येत होता. कांद्यावर करपा पडला तर काय फवारायचं ते कुणीतरी सावकाश समजावून सांगत होतं. आमच्या खोलीत सगळेजण कांद्यावरचा करपा ऐकत मोर बघतायत.

पहिली राजाबाई बोलली. "अगंबाई, ह्या तर चादरी की वो."

गुरुलिंग पोट धरून हसला. "वीरभद्रप्पा, भिंतीला हुडहुडी भरली होती काय? पांघरूण घातलंय ते?"

मी म्हणू शकलो असतो की, माझीच हौस, माझीच घाई, माझीच पट्टी. हसले असते, मीही हसलो असतो, मिटलं असतं. गुळाचा अडत्या असला तरी माणूस हसरा होता. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "रंगारी चोर निघाला," मी म्हटलं. "धुळा नाव त्याचं. सांगोल्याकडचा आहे. फसवलं मला. कुणी बोलावू नका त्याला." नाव घेतलं, गाव घेतलं, आणि तेही मोठ्यानं.

ते ऐकून राजाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग तिचे ते सुईचे डोळे दाराकडं वळले. तिथं दाक्षायणी उभी होती, हातात पोह्यांची ताटली, गॅसबत्तीचा सगळा उजेड खालून तोंडावर.

"भिंतीला एवढं थापलंय," राजाबाई म्हणाली, "पोरीला किती थापलंय ते बी बघू द्या की."

आणि ती उठली. तिनं आपल्या पदराचं टोक धरलं, आणि माझ्या हातात तो तांब्या होता, पाण्याचा, मीच आणलेला, त्या तांब्यात तिनं ते टोक बुडवलं. मी तांब्या धरून होतो. मागं घेतला नाही. तिनं ओल्या पदरानं माझ्या लेकीचा गाल पुसला. एक गाल, मग दुसरा. पदर उजेडात धरून बघितला. पदर पांढराच होता. काही निघालं नाही. निघायला काही लावलंच नव्हतं तिला. ती तशीच उभी, गालावरनं पाणी ओघळतंय, दोन्ही हात ताटलीत गुंतलेले. पुसायला हात नाही. आणि तिनं ताटली खाली ठेवली नाही. पुढं होऊन सगळ्यांना पोहे दिले. तिला मी नंतर एवढंसुद्धा म्हणालो नाही की...

असो. तांब्या अजून घरात आहे. मी त्यातनं पाणी पीत नाही. चंद्रव्वाला वाटतं, पाण्याला कळकलेला वास येतो म्हणून.

पाहुणे गेले. करमाळ्याहून परत काही आलं नाही, आणि मीही विचारलं नाही. धुळाला बाळीवेशीत पुढं कुणी काम दिलं नाही. श्रीपूरच्या साखर कारखान्यावर चाळींना चुना मारायला गेला म्हणतात. तिथं तो काय सांगत असेल कुणास ठाऊक. माझं नाव सांगत नसेल. त्यानं तसं काही वचन दिलं नव्हतं तरी.

भिंत पाडायचं धाडस झालं नाही. मी तिच्यावर ती समोरची मोठी चादर टांगली, बघ. आमच्याच दुकानातली. लोकांना वाटतं जाहिरात आहे.

ईश्वरप्पानं चादरीकडं बघितलं. उठून तिचं टोक उचलायचा त्याचा विचार होता, पण माझ्या तोंडाकडं बघून तो बसून राहिला. "मग अण्णा," तो म्हणाला, "मी कुठलं घेऊ?"

मला बरं वाटलं. गोष्टीतनं बाहेर यायला वाट मिळाली. मी पाय लांब केले आणि म्हटलं, "हे बघ. डिस्टेंपर मारणार असलास तर मधलं घे, बिनधास्त. चकचकीत पाहिजे असेल तर आरसाच. पट्टी मलमलची. आणि आधी बत्ती घेऊन भिंतीच्या कडेला उभा राहा, घरात दुसरं कुणी बघायच्या आत तूच बघ. बाकी सगळं नशीब. माझं तरी काय चुकलं सांग? मधलं फिनिश घेतलं एवढंच. ट्यूबलाईटमध्ये भिंत उत्तम होती. अजून घटकाभर वीज टिकली असती तर मी गुरुलिंगला बोलण्यात गुंतवून खाली बसवला असता, मुलगी बघून झाली असती, आणि आज ही करमाळ्यात बाजार समितीच्या साहेबाची बायको असती. पण वीज मंडळ आडवं आलं. मी एक म्हातारा माणूस, अख्ख्या बाळीवेशीची वीज गेली त्याला मी काय करणार?"

"खरंय," ईश्वरप्पा म्हणाला. "त्याला तुमी काय करणार."

झोपाळ्याची कर्र कर्र थांबली.

दाक्षायणीनं पाय जमिनीला टेकले होते. बाळ जागं होऊ नये म्हणून ती हळू आवाजात बोलली, पण हॉल लांब आहे आमचा, आणि त्या पाट्यांच्या भिंतीवरनं आवाज चांगला येतो.

"अप्पा, अख्ख्या बाळीवेशीची वीज गेली होती, तर समोर ईरप्पाकाकांचा रेडिओ कशावर चालला होता?"

मी तिच्याकडं बघितलं नाही. चादरीकडं बघितलं.

"मेनस्विच स्वयंपाकघराच्या दारामागं आहे," ती म्हणाली. "मी त्याच दारात ताटली घेऊन उभी होते. तुम्ही दांडा खाली ओढला तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्याला लागला. मला वाटलं होतं तुम्ही तो परत वर कराल, म्हणून मी थांबले."